विश्वासाचे भांडवल : ‘आत्मवृत्त’ आणि ‘माझे पुराण’

समाजोपयोगी संस्था काढणाऱ्यापुढे पहिली अडचण द्रव्याची असते, असे सामान्यतः मानले जाते. आज ज्यास ‘सामाजिक उद्योजक’ म्हणतात, त्याच्याविषयीच्या चर्चेतही भांडवलाचा प्रश्नच अग्रस्थानी असतो. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) या दृष्टीने वाचले असता ही समजूत अपुरी ठरते.

कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ साली. त्यापूर्वी तीनच वर्षे, म्हणजे १८९३ मध्ये, धर्मांतराच्या संशयावरून अनेक पालकांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातून आपल्या मुली काढून घेतल्या होत्या. त्याच वर्षी कर्व्यांनी त्या सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरूड या आपल्या गावी बहिष्कार ओढवून घेतला. विधवेस घराबाहेर पाठवावयाचे ते पालकांच्या संमतीने. आणि पालकांच्या मनात तर संस्था व संस्थापक या दोहोंविषयी संशय! अशा स्थितीत वर्गणी मिळूनही विद्यार्थिनी मिळाल्या नसत्या.

यावर कर्व्यांनी योजिलेला उपाय म्हणजे पुनर्विवाहाची चळवळ आणि विधवाशिक्षण यांची फारकत. आश्रमाचे ध्येय शिक्षणापुरतेच मर्यादित ठेवण्यात आले. यास कोणी भीरुता म्हणेल. परंतु ज्यांच्या संमतीवाचून कार्य सुरूच होत नाही, त्यांचा विश्वास संपादन करणे ही केवळ तडजोड नव्हे. मात्र या विश्वासाचे मोलही द्यावे लागले : जी चळवळ कर्व्यांनी स्वतःच्या आयुष्यात आचरून दाखविली, तीच त्यांच्या कार्यात मागे पडली. द्रव्य आले ते विश्वासाच्या मागून. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला तो दान मिळालेल्या जमिनीवर. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या महिला विद्यापीठास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी लाभली ती १९२० मध्ये.

तथापि ‘आत्मवृत्ता’ची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. संस्थेचा जमाखर्च तेथे संस्थापकाच्या बाजूने मांडलेला आहे. मिळकतीचा ओघ संस्थेकडे वळला असता घर कोणी आणि कसे चालविले, याचे उत्तर आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, यांच्या ‘माझे पुराण’ (१९४४) या आत्मकथनात शोधावे लागते. पतीचा त्याग तेथे पत्नीच्या ओढाताणीच्या रूपाने दिसतो. पहिल्या ग्रंथात जे तत्त्व आहे, ते दुसऱ्यात रोजच्या संसाराचा प्रश्न होऊन येते.

म्हणून संस्थास्थापनेच्या अभ्यासकाने हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावयास हवेत. एकात समाजाचा विश्वास कसा मिळविला हे कळते. तो मिळेपर्यंतचा भार कोणी वाहिला, हे दुसऱ्यात. हा दुसरा प्रश्न न विचारता लिहिलेला कोणत्याही संस्थेचा इतिहास अपुराच राहील.