'दर चौथ्या पुरुषाला बीपी': एनएफएचएस-५ चा आकडा कसा वाचायचा?

मागच्या महिन्यात गावाहून पप्पांचा फोन आला. शिबिरात बीपी तपासलं, १५६/९६ निघालं. "तू एवढं त्या बीपीचं शिकतेस ना, मग सांग, गोळी सुरू करू का?" मी लगेच सांगून टाकलं की एका दिवसाच्या मोजणीवर काही ठरवायचं नाही, आठवडाभर घरी मोजा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

फोन ठेवला तेव्हा लॅपटॉपवर माझ्याच प्रबंधाचं एक प्रकरण उघडं होतं. एनएफएचएस-५ च्या डेटावरून मी त्यात बिनधास्त लिहिलं होतं, 'उच्च रक्तदाबाचे रुग्ण'. त्या सगळ्यांचं बीपीसुद्धा एकाच दिवशी मोजलेलं होतं. पप्पांच्या बाबतीत जे चालत नाही असं मी सांगत होते, तेच मी हजारो लोकांच्या बाबतीत करून बसले होते.

म्हणून आजची पोस्ट याच आकड्यावर. तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हा आकडा टाकणार आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकडा नेमका काय सांगतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. काम मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होतं. देशभरातली सव्वासहा लाखांहून जास्त घरं त्यात होती. १५ वर्षांवरच्या व्यक्तींमध्ये बीपी वाढलेल्या किंवा बीपीची गोळी चालू असलेल्या महिला २१.३ टक्के आणि पुरुष २४.० टक्के निघाले. 'दर चौथ्या पुरुषाला बीपी' हे वाक्य इथून येतं.

पण फॅक्टशीटमध्ये त्याच्या वरच्या दोन ओळीही वाचा. वरचं १४० ते १५९ किंवा खालचं ९० ते ९९, म्हणजे 'सौम्य वाढ', असलेल्या महिला १२.४ टक्के. १६०/१०० किंवा त्याहून जास्त असलेल्या ५.२ टक्के. दोन्हींची बेरीज १७.६. मग २१.३ कुठून आले? उरलेले ३.७ टक्के म्हणजे ज्यांचं त्या दिवशीचं बीपी ठीक होतं, पण गोळी चालू होती अशा महिला. पुरुषांमध्ये १५.७ आणि ५.७, बेरीज २१.४, आणि नुसत्या गोळीवाले २.६ टक्के.

या साध्या वजाबाकीतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. महिलांच्या एकूण आकड्यातला निम्म्याहून जास्त भाग (२१.३ पैकी १२.४) 'सौम्य' पट्ट्यातला आहे. पुरुषांमध्ये तर जवळपास दोन तृतीयांश. यातल्या काहींना गोळी चालू असेल, म्हणजे त्यांचं निदान आधीच झालेलं असेल, पण फॅक्टशीटवरून ते वेगळे काढता येत नाहीत. आणि पुढची सगळी अडचण याच पट्ट्यात आहे.

आधी चांगलं काय ते

सर्वेक्षणाने मोजणीत निष्काळजीपणा केला असं मला म्हणायचं नाही. प्रत्येकाचं बीपी तीन वेळा घेतलं, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन, आणि ऑटोमॅटिक मशीनने. मशीनचा फायदा मोठा आहे. कानाला स्टेथोस्कोप लावून पाऱ्याच्या उपकरणावर बीपी घेताना माणूस नकळत आकडा शून्याकडे ढकलतो. १३८ चे १४० होतात, १४३ चेही १४० होतात. आपली रेषाच १४० वर असल्यामुळे या सवयीने टक्केवारी बदलू शकते. मशीनला ती सवय नसते.

तीन वेळा मोजल्यामुळे पहिल्या वेळची धास्तीही थोडी निवळते. इथपर्यंत सर्वेक्षणाला पैकीच्या पैकी गुण.

मग राहिलं काय? दुसरा दिवस

तीन मोजण्या झाल्या, पण एकाच भेटीत. बीपी मिनिटामिनिटाला बदलतं तसंच दिवसागणिकही बदलतं. झोप झाली नाही, घरात भांडण झालं, नुकताच चहा घेतला किंवा तंबाखू खाल्ली, शेतातून चालत आला, लघवी तुंबवून बसला, अशा प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. यातलं काही त्या भेटीपुरतं टिकून राहत असेल, तर मोजण्या तीन घ्या की दहा, सरासरी चढीच येणार.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना असो की आंतरराष्ट्रीय हायपरटेन्शन सोसायटीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं, निदानासाठी वेगवेगळ्या दिवशीच्या मोजण्या लागतात.

आता कोणी म्हणेल, काहींचं चुकून जास्त आलं असेल तर काहींचं चुकून कमीही आलं असेल, फिटंफाट. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ती होत नाही. कारण १४० च्या अलीकडे, म्हणजे १३० ते १३९ मध्ये, खूप लोक असतात आणि पलीकडे त्यामानाने कमी. दोन्हीकडून सारख्याच प्रमाणात लोक रेषा ओलांडतात असं धरलं, तरी गर्दी ज्या बाजूला जास्त, तिकडून येणारेही जास्त. त्यामुळे एका दिवसाच्या मोजणीत टक्केवारी सहसा फुगते. तेच लोक पुन्हा मोजले की त्यातले बरेच खाली येतात. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, म्हणजे सरासरीकडे परतणं. १९ व्या शतकात फ्रान्सिस गाल्टनने आईवडिलांची आणि मुलांची उंची तपासताना हे दाखवलं होतं.

तुमच्या कामासाठी याचा दुसरा अर्थ आणखी महत्त्वाचा आहे. समजा तुम्ही बीपी जास्त आलेले ४० लोक निवडले, त्यांना महिनाभर प्राणायाम करायला लावला आणि पुन्हा मोजलं. सरासरी उतरणारच. काहीही न करता नुसतं पुन्हा मोजलं असतं तरी थोडी उतरली असती. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर त्यातलं श्रेय प्राणायामाचं किती, हे तुम्हाला सांगताच येणार नाही.

आणखी दोन खड्डे

पहिला खड्डा चौथ्या फेरीशी तुलना करण्याचा. एनएफएचएस-४ मध्ये सौम्य वाढ असलेल्या महिला ६.७ टक्के होत्या, पाचवीत १२.४. 'पाच वर्षांत दुप्पट' असं लिहायचा मोह होतो. पण चौथ्या फेरीतला आकडा १५ ते ४९ वयाच्या महिलांचा आहे आणि पाचवीतला १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा, म्हणजे त्यात आजीसुद्धा आली. वयाबरोबर बीपी वाढतं. अशी तुलना करायची तर कच्च्या डेटातून तोच वयोगट काढून करा.

दुसरा खड्डा राज्याराज्यांच्या तुलनेचा. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, जो जून २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये झाला. पंजाब, उत्तर प्रदेश, तमिळनाडू दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे जानेवारी २०२० ते एप्रिल २०२१, आणि मध्ये लॉकडाउन. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी थोडं वर राहतं. आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात मोजलेलं आणि डिसेंबरात मोजलेलं एकसारखं नसतं. दोन राज्यांत एका-दोन टक्क्यांचा फरक दिसला की लगेच आहारावर निष्कर्ष काढू नका. आधी महिना बघा.

चूक कोणाची?

खरं सांगायचं तर मोठी चूक आपली. फॅक्टशीट 'वाढलेला रक्तदाब' म्हणतं. त्याचा 'आजार' आणि माणसाचा 'रुग्ण' आपण करतो, पेपर लिहिताना. व्हेरिएबलचं नाव बदललं की अर्थ बदलतो, आणि पुढचा माणूस आपल्या पेपरवरून तेच उचलतो.

पण सर्वेक्षणाबद्दलही माझी एक तक्रार आहे. सगळ्या घरी दुसऱ्यांदा जाणं शक्य नाही, हे मान्य. खर्च, मनुष्यबळ, वेळ, सगळंच अवघड. पण प्रत्येक राज्यात मोजक्या घरांत आठवड्याभराने पुन्हा जाऊन बीपी घेतलं असतं, तरी एका दिवसाचा आकडा किती फुगतो याचा अंदाज आला असता आणि उरलेल्या सगळ्या डेटाला तो लावता आला असता. एवढ्या मोठ्या कामात एवढं जमायला हवं होतं. गोळ्यांची खरेदी आणि आरोग्य केंद्रांची आखणी अशा आकड्यांच्या आधाराने होत असते.

रेषासुद्धा माणसांनीच ठरवलेली असते, हेही लक्षात असू द्या. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि तिथलं बीपी असलेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे ३२ वरून ४६ टक्क्यांवर गेलं. एकाही माणसाचं बीपी त्या दिवशी बदललं नव्हतं.

पप्पांचं काय झालं?

पप्पांनी सात दिवस मोजलं, सकाळ-संध्याकाळ. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना गप्प. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. पहिला दिवस सोडून सरासरी काढली, १३९/८७. शिबिरातल्या १५६ पेक्षा बरीच कमी. पण घरी मोजताना रेषा १३५/८५ ची धरतात, म्हणजे तरीही वरच. डॉक्टरांनी कागद बघितला, रक्त-लघवी तपासली, लोणचं-पापड कमी करायला सांगितलं आणि गोळी सुरू केली.

म्हणजे एका दिवसाचा आकडा अपुरा होता, खोटा नव्हता. 'एकदाच तर आलंय' म्हणून तो कागद खिशात ठेवून देणं ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि आपल्याकडे तीच जास्त होते. चालू गोळी मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. आणि बीपी १८०/१२० च्या आसपास असेल, सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल, तर आठवडाभर मोजत बसायचं नाही. थेट घाटी किंवा जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

मी माझ्या प्रकरणात 'रुग्ण' हा शब्द ३१ ठिकाणी बदलला. आता तिथे 'सर्वेक्षणाच्या दिवशी बीपी वाढलेलं आढळलेल्या व्यक्ती' असं लांबलचक लिहिलंय. गाइडनी विचारलं, एवढं लांब कशाला? मी म्हटलं, सर, मोजलं तेवढंच आहे.