डोंगर वजा केलेला हिमबिबट्या

लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातून येणाऱ्या छायाचित्रांचे सरळ दोन ढीग करता येतात. एकात मार्खा खोऱ्यातले रंगीत कडे, गोठलेले ओढे, सुमारे ६,४०० मीटर उंचीचे कांग यात्से शिखर. प्राणी एकही नाही. दुसऱ्यात हिमबिबट्या, भरल ही रानमेंढी, गरुड. तिथे डोंगर नाही, प्राण्यामागे फक्त करड्या रंगाचे धुके. पहिल्याला निसर्गचित्रण म्हणतात, दुसऱ्याला वन्यजीव छायाचित्रण. १९८१ साली स्थापन झालेल्या, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात अशी फाळणी कुठेच नाही. तिथे प्राण्याला घडवतो तो उतार. हिमबिबट्याची शेपूट जवळजवळ धडाइतकी लांब, कारण कड्यावर तोल सांभाळायचा असतो. भरलाची पाठ दगडाच्या रंगाची. चरायला त्याला मोकळे गवत लागते आणि जीव वाचवायला जवळच कडा लागतो. शिकार आणि शिकारी या दोघांचे आयुष्य गवत आणि कडा यांच्यामधल्या त्या अंतरात चालते. चौकटीतून उतार गेला की हे सगळेच गेले. गेल्या काही दशकांत या कलेने तंत्रात मोठी मजल मारली, पण ती मारताना डोंगर गमावला, असे माझे मत आहे.

वन्यजीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९७० साली पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये हिमबिबट्या टिपला, तेव्हा रानातल्या या प्राण्याचे छायाचित्र मिळणे हीच मोठी गोष्ट होती. आज जाणकार वाटाड्या आणि पुरेसा वेळ असेल तर तो दिसण्याची बरीच आशा धरता येते. म्हणजे ‘दिसला’ एवढे सांगून आता भागत नाही. तरीही बहुतेक चित्रे तेवढेच सांगतात. सहाशे मिलिमीटरच्या भिंगात जेमतेम चार अंशांचे जग मावते. चोवीस मिलिमीटरच्या भिंगात चौऱ्याऐंशी अंशांचे. यावर छायाचित्रकार म्हणतील की प्राणी अर्धा-एक किलोमीटर लांब असतो, जवळ जाणे त्याला त्रासाचे, मग लांब पल्ल्याच्या भिंगावाचून पर्याय काय? जवळ जाऊ नये हे शंभर टक्के खरे. पण अंतर राखायचे आणि चित्रात मात्र ते पुसून टाकायचे, हे कशासाठी? त्याच जागेवरून दोनशेच्या भिंगाने घेतलेल्या चौकटीत प्राणी लहान येईल, पण तो कोणत्या धारेवरून उतरतो आहे, भरलांचा कळप खाली कुठे चरतो आहे आणि वारा चुकवायला त्याने कोणती घळ निवडली आहे, हे सगळे येईल.

मोबाइलच्या पडद्यावर असा ठिपका कोण पाहणार, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याला उत्तर व्हॅन्सां म्युनिए या फ्रेंच छायाचित्रकाराच्या कामात मिळते. त्यांनी तिबेटमध्ये खडकावर बसलेल्या ससाण्याचे छायाचित्र घेतले. त्याच खडकाआडून हिमबिबट्या रोखून पाहत होता, हे त्यांना नंतर चित्र न्याहाळताना कळले. ते चित्र पाहणारा हमखास थांबतो, शोधतो, आणि सापडल्यावर डोंगराकडे पुन्हा नव्याने बघतो. उलट बाजूचा पुरावाही आहे. २०२२ साली नेपाळच्या हिमशिखरांसमोर उभ्या हिमबिबट्याची काही चित्रे जगभर गाजली आणि पुढे ती जोडकाम असल्याचे उघड झाले. फसवणूक ती फसवणूकच, तिचे समर्थन होऊच शकत नाही. पण लोकांना त्यात भावले काय होते? शिखर आणि प्राणी एका चौकटीत. प्रामाणिक छायाचित्रणाने जी जागा रिकामी सोडली, तिथेच खोटे चित्र शिरले.

या जागेवर हेमिसमध्येच उत्तम काम झालेले आहे. स्टीव्ह विंटर यांच्या ज्या चित्राला २००८ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’चा मान मिळाला, त्यात रात्रीच्या हिमवर्षावात चालणारा हिमबिबट्या आहे. चित्र कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, निघाले. कळ प्राण्यानेच दाबली, मग यात कलावंत कुठला, असे विचारले जाते. कलावंत जागेच्या निवडीत आहे. हिमबिबट्या कोणत्या खडकावर गंधखूण सोडतो, कोणत्या अरुंद वाटेने परततो हे आधी समजून घ्यावे लागते, आणि ते ज्ञान रुंबकसारख्या गावांतल्या माणसांकडे असते. कॅमेरा तिथे ठेवून, प्रकाश बेतून, महिनोन्‌महिने वाट पाहायची म्हणजे आधी डोंगराची चौकट रचायची आणि मग प्राण्यासाठी ती रिकामी ठेवायची. कळ कोणी दाबली हा प्रश्न मला त्यापुढे फार छोटा वाटतो. सारे श्रेय यंत्राचे असते तर हिमबिबट्यांच्या गणनेतली चित्रेही अशीच झाली असती. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय गणनेत भारतात ७१८ आणि त्यांपैकी लडाखमध्ये ४७७ हिमबिबट्यांचा अंदाज मांडला गेला, तोही कॅमेरा ट्रॅपच्या चित्रांवरून. त्या चित्रांचे काम अंगावरचे ठिपके ओळखता येण्याचे. ते त्यांनी चोख केले.

डोंगराचे असे ज्ञान असलेल्या वाटाड्यांच्या दुर्बिणीला मोबाइल लावून घेतलेल्या चित्रांना प्रदर्शनांत कुणी जागा देत नाही. चित्राच्या कडा काळ्या, रंग फिके. पण दुर्बीण लावण्याआधी त्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी अख्खा उतार वाचलेला असतो: कळप कुठे बिथरला, सगळ्या माना कोणत्या दिशेला वळल्या. छायाचित्रकार त्याच्या शेजारीच उभा असतो आणि त्याने बोट दाखवताच भिंग थेट ठिपक्यावर नेतो. त्याआधी त्या वळलेल्या मानांची एक तरी चौकट त्याने घ्यायला हवी.