उसनें पुच्छ

एखाद्या ग्रंथकारानें आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढतांना शेवटचें प्रकरण बदललें. पुढें एखाद्या वाचकाला तें नवें प्रकरण न रुचून त्यानें आपल्या प्रतींतून तें फाडून काढलें आणि पहिल्या आवृत्तींतील प्रकरण त्या जागीं शिवून घेतलें, तर त्या प्रतीला काय म्हणावयाचें? प्रक्षेप म्हणावा, तर त्यांतील प्रत्येक अक्षर मूळ ग्रंथकाराचेंच आहे. मूळ संहिता म्हणावी, तर असा ग्रंथ ग्रंथकारानें कधींच प्रसिद्ध केलेला नाहीं. हा प्रश्न काल्पनिक वाटेल. परंतु अमेरिकेंतील एका मोटारगाडीच्या बाबतींत तो कित्येक वर्षें प्रत्यक्ष करवत हातांत घेऊन सोडविला जात आहे. वाङ्मयाच्या पानांत मोटारीचा शिरकाव पाहून कांहीं वाचक भुंवया चढवितील. पण वास्तूवर आणि मूर्तीवर टीका लिहितां येते, तर जिची रूपरेषा कलावंतांनीं मातीच्या नमुन्यावर हातानें घासून ठरविली, त्या वस्तूवर कां लिहूं नये, हें आम्हांस समजत नाहीं.

जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले शाखेची ‘कॉर्व्हेट’ ही दोन आसनांची गाडी १९५३ सालच्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलांतील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. त्या वर्षीं मिशिगन राज्यांतील फ्लिंट येथें अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. तिचें अंग पोलादी पत्र्याचें नसून फायबरग्लासचें, म्हणजे कांचेच्या तंतूंची चटई राळेंत भिजवून घडविलेलें होतें. थोडक्या गाड्यांसाठीं पोलादी पत्रा दाबण्याचे महागडे साचे करणें परवडत नाहीं, हें त्याचें व्यावहारिक कारण. परंतु त्या कारणाचा एक दूरवरचा परिणाम कोणाच्या ध्यानांत आला नसावा. पोलादी गाडीचें रूप बदलणें हें मोठ्या कारखान्याचें काम आहे; फायबरग्लासच्या गाडीचें रूप बदलण्यास एक करवत, एक घासावयाचें चाक, राळेचा डबा आणि भरपूर धीर एवढें पुरतें. हा पदार्थच मालकाला मोहांत पाडणारा आहे.

आमच्या वादाचा विषय म्हणजे १९६८ सालीं सुरू झालेली तिसऱ्या पिढीची कॉर्व्हेट. १९६५ सालीं दाखविलेल्या ‘माको शार्क २’ या प्रायोगिक गाडीवरून तिची आकृति घेतलेली होती, आणि कंपनीच्या रूपविभागाचे प्रमुख बिल मिचेल यांच्या शार्क माशाच्या वेडाची ती खूण होती. पुढें लांब, निमुळतें तोंड. चारी चाकांवर उसळलेल्या लाटा. मध्यें बारीक कंबर. आणि छपराच्या दोन्ही बाजूंनीं उतरत गेलेल्या दोन भिंतींच्या मध्यें मागची उभी कांच. या सगळ्याचा शेवट कसा केला आहे तें पाहण्यासारखें आहे. पाठीची रेषा मागें जातां जातां किंचित् वर उचलते आणि तेथेंच एकदम छाटल्यासारखी थांबते. छाटलेला भाग आंत वळलेला असल्यामुळें त्यांत सावली सांठते. त्या सावलींत चार वाटोळे तांबडे दिवे, आणि दोन्ही कोपऱ्यांना क्रोमचे दोन सडपातळ बंपर. वाक्य जेथें संपावयास पाहिजे तेथेंच पूर्णविराम पडावा, तसें हें वाटतें. आमच्या मतें त्या गाडीचा सर्वांत यशस्वी भाग तोच; पुढच्या तोंडांत थोडा नाटकीपणा आहे, मागें तो नाहीं.

नंतर कायदा आला. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें असा नियम केला कीं, १९७३ सालच्या गाड्यांनीं समोरून ताशीं ५ मैल आणि मागून ताशीं अडीच मैल वेगाची धडक, दिवे व इंधनाची व्यवस्था यांसारख्या सुरक्षिततेच्या भागांस इजा न होतां सोसली पाहिजे. १९७४ पासून मागच्या बाजूसही ५ मैलांचीच अट लागू झाली. त्यामुळें १९७३ सालीं कॉर्व्हेटच्या तोंडावरचें क्रोम जाऊन तेथें युरेथेन नांवाच्या रबरासारख्या लवचिक पदार्थाची, गाडीच्याच रंगाची खोळ आली. मागचें क्रोम आणखी एक वर्ष टिकलें. १९७४ सालीं तेंही गेलें, आणि आंत धक्का झेलणारा धातूचा दांडा व त्यावर युरेथेनची खोळ अशी नवी रचना झाली. दिवे चारच राहिले. पण ती वर उचललेली कड आणि ती सावलीची खोबण नाहींशी झाली. पाठ आतां गुळगुळीत उतरते आणि खालीं आंत वळून संपते. निंदकांना ती ओघळलेल्या मेणासारखी वाटते. आम्हांस ती इतकी वाईट दिसत नाहीं. तोंड युरेथेनचें झाल्यावर शेवटानेंही त्याच भाषेंत बोलावें, यांत एक संगति आहे. गिऱ्हाइकांनीं तर मुळींच नाक मुरडलें नाहीं: १९७३ सालीं ३०,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या, १९७७ सालीं ४९,२१३. क्रोमच्या शेवटाविषयींची हळहळ पुष्कळशी मागाहूनची आहे.

ज्यांना ही हळहळ सोसवत नाहीं, ते कलम करतात. १९७४ नंतरच्या गाडीची खोळ व तिच्या आंतला दांडा काढला म्हणजे मागें एक उघडें भगदाड राहतें. बाजारांतून क्रोमचे बंपर आणून त्यावर टांगावे म्हटलें तर तें साधत नाहीं. कारण दोन्ही बाजूंचे पत्रे जुन्या गाडींत जेथवर जात, तेथवर नव्या गाडींत ते जातच नाहींत. म्हणून जुन्या नमुन्याची पाठ तिच्या कोपऱ्यांसकट आणावी लागते: मोडींत निघालेल्या एखाद्या गाडीची कापून, किंवा साच्यांतून नव्यानें काढलेली. मग मागच्या चाकांच्या पलीकडे कापावयाचें. दोन्ही कडा उतरत्या घासावयाच्या, म्हणजे नवा थर पातळ होत होत दूरवर पसरतो. आंतल्या बाजूस आधाराची पट्टी चिकटवावयाची. राळेंत भिजलेल्या चटईचे थर एकावर एक द्यावयाचे. आणि वाळल्यावर पुन्हां घासावयाचें. त्यांतही एक मेख आहे. सत्तरीच्या दशकांतील गाड्यांना साच्यांत दाबून काढलेल्या निराळ्या मिश्रणाचे पत्रे येऊं लागले. त्यांना साधी पॉलिएस्टर राळ नीट धरत नाहीं, इपॉक्सीसारखी अधिक चिवट राळ लागते. ज्याला हें ठाऊक नाहीं त्याचें काम रंग दिल्या दिवशीं सुंदर दिसतें, आणि एकदोन उन्हाळे गेले कीं रंगाखालून एक बारीक रेघ वर येते. नवी राळ आणि जुना पत्रा सारखे फुगत नाहींत कीं सारखे आटत नाहींत. म्हणून जाणता कारागीर सांधा भरल्यावर घाई करीत नाहीं. रेघ उठावयाची ती आधीं उठूं देतो आणि मगच शेवटचा हात फिरवितो. बंपरचे आधार, नंबरपाटीचा दिवा, धुराच्या नळ्यांचीं तोंडें हे प्रश्न याशिवाय आहेतच; पण ते लोहाराचे आहेत, टीकाकाराचे नाहींत.

टीकाकाराचा प्रश्न असा कीं, या खटाटोपांतून निघालेली आकृति कोणाची? येथें थोडें तारतम्य पाहिजे. १९७४ ते १९७७ पर्यंतच्या गाडीला क्रोमची पाठ लावली कीं पुढें युरेथेन व मागें क्रोम असें रूप होतें. आणि हें रूप एकदां, नेमकें १९७३ या एकाच वर्षीं, कारखान्यांतूनच बाहेर पडलें होतें. म्हणजे ज्या जोडीला आपण कलम म्हणून हंसतों, ती मूळ ग्रंथकारानेंच एकदां लिहिली होती. कायद्याच्या दोन कलमांत एक वर्षाचें अंतर पडल्यामुळें कां होईना. १९७८ नंतरच्या गाडीची गोष्ट निराळी. त्या सालीं मागची उभी कांच जाऊन छपरापासून मागें उतरत जाणारी मोठी बांकदार कांच आली. ती कांच आणि क्रोमची पाठ या दोघी एका घरांत कधींच नांदल्या नव्हत्या. उतरत्या कांचेचा ओघ मऊ शेवटाकडे धांवत असतो. तो त्या उचललेल्या कडेवर जाऊन आपटतो. काम कितीही सफाईचें असो, गणपति करतां करतां मारुति झाल्यासारखें तेथें वाटतें. (गणपतीचें नांव निघालेंच म्हणून सांगतों: कलमानें पूज्य झाल्याचें आपल्याकडील जें उदाहरण आहे तें मस्तकाचें आहे, पुच्छाचें नव्हे.)

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत जुन्या चर्चांवरून हाच वाद पेटला होता. फ्रान्सचे वास्तुकार व्हियोले-ल-द्युक यांचें म्हणणें असें कीं, वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला पूर्णावस्थेस नेणें. ती अवस्था इतिहासांत प्रत्यक्ष होती कीं नव्हती, हा प्रश्न गौण. इंग्लंडांत जॉन रस्किन यांनीं १८४९ सालच्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत अगदीं उलट बाजू घेतली; त्यांच्या मतें जीर्णोद्धार हा वास्तूचा नाशच होय. कलम करणारे लोक व्हियोले-ल-द्युक यांचे शिष्य आहेत, मग त्यांनीं तें नांव ऐकलेलें असो वा नसो. त्यांच्या समोर उभी आहे १९७४ सालीं स्थापन झालेली ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’. गाडी कारखान्यांतून बाहेर पडली तेव्हां जशी होती तशी आहे काय, ही या संस्थेच्या परीक्षणाची मुख्य कसोटी. वरवर पाहतां हा रस्किन यांचा पक्ष वाटतो. पण रस्किन यांना काळाचे डाग प्रिय होते, आणि येथें तर पहिल्या दिवसाच्या कोऱ्या रूपाला मान आहे. तेव्हां शुद्धतेचा दावा करणाऱ्यांनींही फार ताठ मानेनें चालूं नये.

शिवाय कारखान्यानें स्वतः काय केलें? बिल मिचेल यांनीं १९५९ सालीं ‘स्टिंगरे’ नांवाची शर्यतीची गाडी तयार करविली. १९६३ सालच्या नव्या कॉर्व्हेटचें रूप तींत आधींच दिसत होतें. परंतु १९६३ ची वाट न पाहतां १९६१ सालींच त्या वळणाची पाठ जुन्या गाडीला जोडून देण्यांत आली. पुढें १९५६ पासून चालत आलेलें गोल, गुबगुबीत धड आणि मागें येऊं घातलेल्या पिढीची तीक्ष्ण रेघ! कॉर्व्हेटचे ते प्रसिद्ध चार वाटोळे दिवेही या उसन्या पाठीवरच प्रथम आले. १९६१ सालीं अशा १०,९३९ आणि १९६२ सालीं १४,५३१ गाड्या तयार झाल्या, आणि आज संग्राहक त्यांना डोक्यावर घेतात. उद्यांचें पुच्छ कालच्या धडाला लावलें तर ती प्रतिभा, आणि कालचें पुच्छ आजच्या धडाला लावलें तर तो भ्रष्टाकार, असा निवाडा देतांना निदान कारण तरी सांगितलें पाहिजे.

इतकें लिहिल्यावर आम्ही कलम करणाऱ्यांचेच वकील आहोंत असें वाटेल. तसें नाहीं, आणि कां नाहीं, तें १९६३ च्या कांचेच्या कथेवरून कळेल. त्या वर्षींच्या बंद छपराच्या गाडींत मागच्या कांचेच्या मधोमध एक उभा कणा होता. तोंडापासून शेपटापर्यंत एकच रेघ जावी हा मिचेल यांचा आग्रह. गाडीचे यंत्रतज्ज्ञ झोरा आर्कस-डंटॉव्ह यांचा त्याला कडवा विरोध. कारण चालकाला मागचें नीट दिसत नव्हतें. १९६४ सालीं तो कणा काढून टाकण्यांत आला. तेव्हां १९६३ च्या कित्येक मालकांनींही आपल्या गाडीचा कणा कापून तेथें एकसंध कांच बसवून घेतली. ते लोक मूर्ख नव्हते. मागें न दिसणें ही खरीच अडचण होती, आणि ज्या कारखान्यानें गाडी घडविली त्याच्याच पावलावर पाऊल टाकून ते चालले होते. पुढें तो कणा असलेल्या १०,५९४ गाड्यांनाच अपूर्व मोल आलें, आणि कापलेले कणे पुन्हां बसविण्याची धडपड सुरू झाली. इतकेंच नव्हे, तर ज्या गाड्यांना कणा कधींच नव्हता, त्यांनाही तो लावण्यांत आला. तेथें गाडीचा ओळखक्रमांक चहाडी करतो: १९६३ सालच्या गाडीचा तो ३ या अंकानें सुरू होतो, १९६४ सालच्या गाडीचा ४ या अंकानें.

युरेथेनची पाठ कापणाऱ्यांना आपली अभिरुचि अंतिम वाटते, तशीच ती कणा कापणाऱ्यांनाही वाटली होती. त्यांच्यापाशीं तर मागचें न दिसण्याचें निमित्त तरी होतें. क्रोमची पाठ लावणाऱ्याला केवळ डोळ्यांचें सुख पाहिजे असतें. तें सुख क्षुद्र आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यासाठीं जी वस्तु कापावयाची, ती एका कालखंडाचा पुरावा आहे. सरकार, विमा, रस्त्यावरच्या धडका आणि कलावंताची मर्यादा यांची त्या वेळीं कशी ओढाताण चालली होती, हें त्या ओघळत्या पाठीवर जसें उमटलें आहे, तसें सुबक क्रोमवर उमटलेलें नाहीं.

म्हणून आमचा निर्णय सरसकट नाहीं. ज्या गाडीची पाठ अपघातांत आधींच गेली आहे, तिला १९७३ ची पाठ लावणें आम्ही दोषास्पद मानीत नाहीं. विकतेवेळीं तें उघड सांगितलें म्हणजे झालें. मूळ खोळी वयाबरोबर वेड्यावांकड्या होतात, चिरतात, आणि पुष्कळ मालक त्यांच्या जागीं त्याच आकाराच्या फायबरग्लासच्या खोळी बसवितात. त्या दिसावयास हुबेहूब असतात, पण लवून पूर्ववत् होण्याचा जो मूळ गुण तोच त्यांत नसतो. असल्या खोळीचा मालक कलम करणाऱ्याला खोटा म्हणूं लागला, तर त्याची साक्ष आम्ही ग्राह्य धरणार नाहीं. परंतु धडधाकट गाडी कापूं नये, आणि १९७४ सालची तर मुळींच नाहीं. त्या एका वर्षाची खोळ दोन तुकड्यांची होती, आणि पाठीच्या मधोमध त्यांची उभी शिवण उघड दिसते. १९७५ पासून खोळ एकसंध झाली. १९७४ सालीं ३७,५०२ गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांपैकीं ज्यांची शिवण अजून शाबूत आहे, त्यांची संख्या अशा प्रत्येक कापणीगणिक एकीनें कमी होते.