विन्यास-वर्गांची जुळणी आणि नावांचा प्रश्न

वस्तूने आपली साधने स्वतः शोधू नयेत, ती तिला बाहेरून पुरवली जावीत, हे तत्त्व मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखापासून ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ या नावाने रूढ झाले. त्याच वर्षी स्प्रिंग या जावा-चौकटीची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. प्रारंभी कोणती वस्तू कोणास द्यावयाची हे एक्सएमएल संचिकांत लिहीत. डिसेंबर २००९ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून तेच जावा-वर्गांत लिहिण्याची सोय चौकटीच्या गाभ्यात आली, आणि ‘इम्पोर्ट’ या खुणेने एक विन्यास-वर्ग दुसऱ्यास आपल्यात सामावून घेऊ लागला.

या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. डेटाबेसचा विन्यास एका वर्गात, सेवांचा दुसऱ्यात, आणि दोहोंना एकत्र आणणारा तिसरा, अशी रचना वाचावयास सोपी असते. शिवाय प्रकारांच्या कित्येक चुका संकलकच पकडतो. एक्सएमएलच्या काळात त्या कार्यक्रम सुरू होईपर्यंत दडून राहत.

परंतु जुळणी म्हणजे केवळ एकत्र आणणे नव्हे. ‘इम्पोर्ट’ने आणलेले सर्व वर्ग अखेर एकाच नोंदवहीत उतरतात, आणि तेथे त्यांच्या मूळ घराची सीमा पुसली जाते. वस्तूचे नाव सामान्यतः तिला निर्माण करणाऱ्या पद्धतीच्या नावावरून ठरते. दोन वर्गांत ‘डेटासोर्स’ नावाची पद्धत असेल, तर मागाहून नोंदलेली व्याख्या आधीची झाकते. आयात केलेल्या वर्गाची नोंद आयात करणाऱ्याच्या आधी होत असल्याने आयात करणारा जिंकतो, हे नियमास धरून आहे. पण ज्याने हा नियम वाचला नाही, त्यास काहीच बिघडल्याचे दिसत नाही. चाचणीसाठी लिहिलेला डेटासोर्स खऱ्या प्रणालीत शिरला, तर कार्यक्रम निमूटपणे सुरू होतो आणि खरे व्यवहार चाचणीच्या कोठारात लिहिले जातात.

या दोषाचे स्वरूप नवी मुंबईत राहणाऱ्यास सहज उमगेल. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडलेली आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने प्रत्यक्षात उतरवलेली ही नगरी स्वतंत्र उपनगरांच्या जुळणीतून उभी आहे. प्रत्येक उपनगराचे सेक्टर पुन्हा एकपासून मोजलेले. सेक्टर १७ वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि खारघरमध्येही आहे. तरीही पत्र चुकत नाही, कारण पत्त्यात उपनगराचे नाव असते. स्प्रिंगची नोंदवही उपनगराचे नाव टाकून केवळ ‘सेक्टर १७’ लिहून ठेवते. (रिक्षाचालकास केवळ ‘सेक्टर १७’ सांगणाऱ्यास प्रतिप्रश्न तरी येतो, नोंदवही विचारीत नाही.)

व्याख्या झाकण्याची मुभा चाचण्यांसाठी उपयुक्त आहे, असा प्रतिवाद केला जातो. तो खरा आहे. प्रश्न ती मुभा उघड असावी की मूक, एवढाच. गूगलने २००७ मध्ये खुल्या केलेल्या ग्वाइस या चौकटीत दोन मोड्यूलांनी एकाच किल्लीस भिन्न वस्तू बांधल्या, तर ती चूक ठरते. झाकावयाचेच असेल तर ‘ओव्हरराइड’ असे शब्दशः लिहावे लागते. तिच्यात खाजगी मोड्यूलही आहेत, जे सांगितलेल्याच वस्तू बाहेर उघड करतात. लिखाण वाढते खरे, पण कोणी कोणास झाकले हे वाचणाऱ्यास कळते. स्प्रिंग बूटने २०१८ मधील २.१ या आवृत्तीत मूक झाकणे मूलतः बंद करून तेथे प्रारंभीच चूक दाखवली, हे एका परीने या आक्षेपाला दिलेले उत्तरच होय. मात्र त्याने टक्कर दिसू लागली, सीमा निर्माण झाली नाही.

दुसरा मुद्दा लहान आहे. एक विन्यास-वर्ग दुसऱ्यात थेट टोचून त्याच्या पद्धती बोलावल्या, की वस्तू कोठून आली हे स्पष्ट होते, पण दोन्ही वर्ग एकमेकांस घट्ट बांधले जातात. मध्ये इंटरफेस ठेवावा, ही स्प्रिंगच्या दस्तऐवजातील सूचना योग्यच आहे.

सीमेच्या अभावी अनेक संघ वस्तूच्या नावापुढे मोड्यूलाचे नाव जोडतात: ‘वेतन-डेटासोर्स’, ‘ग्रंथालय-डेटासोर्स’. जे काम नोंदवहीने करावयाचे, ते येथे लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर सोपवलेले असते.