निरोगी देहाची परीक्षा आणि आमची रंगभूमी

रोग्याने औषध घ्यावे यात नाट्य फारसे नाही. त्याला जगावयाचे असते म्हणून तो ते घेतो. परंतु ज्याला काहीएक झालेले नाही अशा धडधाकट मनुष्याने, ज्याचा गुणदोष अजून कोणालाच ठाऊक नाही असे द्रव्य आपल्या अंगात टोचून घ्यावे, यात नाट्याचे बीज खास आहे. तो हे का करतो? कोणाच्या सांगण्यावरून करतो? ‘हो’ म्हणताना त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती काय? या बीजाचा वृक्ष करून दाखविणारे एक नाटक इंग्रजीत आहे. मराठीत, निदान आमच्या पाहण्यात, एकही नाही. ते इंग्रजी नाटक कितपत साधले आहे आणि कोठे उणे पडले आहे, आणि ज्या सांगलीत मराठी नाटकाचा जन्म झाला तेथील परंपरेला हा विषय का सुचू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सिडने हॉवर्ड यांचे ‘यलो जॅक’ हे नाटक न्यूयॉर्क येथे १९३४ साली प्रथम रंगभूमीवर आले. पॉल डी क्राइफ यांच्या ‘मायक्रोब हंटर्स’ या १९२६ सालच्या ग्रंथातील एका प्रकरणावर ते आधारलेले आहे. ‘यलो जॅक’ हे पीतज्वराचे खलाशांनी ठेवलेले नाव. १९०० साली क्यूबा बेटात या ज्वराने अमेरिकन शिपाई पटापट मरत होते, आणि मेजर वॉल्टर रीड यांच्या मंडळाकडे त्याचे कारण शोधण्याचे काम आले होते. हवानाचे डॉक्टर कार्लोस फिन्ले जवळजवळ वीस वर्षे सांगत होते की, हा ज्वर एका जातीचा डास पसरवितो. लोक त्यांना हसत. सिद्ध करावे तर कसे? हा ज्वर ज्याला जडेल असा एकही पशू त्या काळी माहीत नव्हता. राहिला मनुष्य. मंडळातील डॉ. जेम्स कॅरोल यांनी स्वतःस डास चाववून घेतला व ते मरणाच्या दारातून परत आले, डॉ. जेसी लाझिअर मात्र त्याच सप्टेंबरात ज्वराने वारले. पुढे त्यांच्याच नावाची छावणी उभारून तेथे निरोगी माणसांवर पद्धतशीर प्रयोग झाले. काही जण रोग्यांच्या घाणेरड्या अंथरुणा-पांघरुणांत वीस-वीस रात्री निजले आणि ठणठणीत राहिले. ज्यांना डास चावले ते आजारी पडले. फिन्ले यांचे म्हणणे खरे ठरले.

या कथानकाला हॉवर्ड यांनी दिलेले रूप कौतुकास्पद आहे. नाटकात अंक नाहीत, पडदा पडत नाही; दृश्यामागून दृश्य प्रकाशाच्या झोताने उजळते. कथा आधुनिक काळापासून आरंभून मागे जाते, त्यामुळे प्रयोग यशस्वी झाला की नाही ही उत्सुकता नाटककार मुद्दामच मारून टाकतो आणि प्रेक्षकाचे लक्ष ‘काय झाले’ यावरून काढून ‘कसे झाले’ यावर आणून ठेवतो. प्रयोगाला उभे राहणारे चार शिपाई हे वीर नाहीत. ते कुरकुरतात, थट्टा करतात, पैशाच्या व मोठेपणाच्या गोष्टी बोलतात. एकाच माणसाच्या मनात परोपकार, हौस, भीती व कंटाळा एकत्र नांदू शकतात हे नाटककाराने ओळखले आहे. हुतात्म्याच्या पुतळ्याहून असा माणूस रंगभूमीवर अधिक जिवंत वाटतो.

तथापि या नाटकात एक मोठी उणीव आहे. रीड यांच्या प्रयोगात अमेरिकन शिपायांबरोबर नुकतेच स्पेनहून उतरलेले गरीब मजूरही होते. त्यांच्याशी इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लेखी करार झाला: प्रयोगास उभे राहिल्याबद्दल शंभर डॉलरचे सोने, ज्वर आल्यास आणखी शंभर. करारात असेही नमूद होते की, या बेटावर राहिल्यास हा ज्वर बहुधा येणारच. तेव्हा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आलेला बरा. मनुष्याच्या देहावरील प्रयोगासाठी त्याची लेखी संमती घेण्याचे हे आरंभीचे एक उदाहरण म्हणून इतिहासात त्याचा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. पण नाट्याच्या दृष्टीने पाहा. ज्या दोघा अमेरिकनांनी मोबदला नाकारला त्यांची कथा उदात्त आहे. ज्या मजुराला तो नाकारणे परवडणारे नव्हते त्याची कथा अधिक गुंतागुंतीची, म्हणून अधिक नाट्यमय आहे. हॉवर्ड यांनी सगळा प्रकाश पहिल्यांवर टाकला आणि दुसरे अंधारात राहिले. नाटक उंच झाले, खोल झाले नाही.

हीच तुलना सिंक्लेअर लुईस यांच्या ‘अॅरोस्मिथ’ (१९२५) या कादंबरीशी केल्यास उद्‌बोधक होईल. तेथील तरुण संशोधक प्लेगग्रस्त बेटावर जातो. अर्ध्या लोकांस औषध द्यावे, अर्ध्यांस देऊ नये, म्हणजे औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध होईल, असा गुरूने घालून दिलेला दंडक. पत्नी प्लेगने मरते आणि त्याचा निर्धार ढासळतो. तो सर्वांनाच औषध देऊन मोकळा होतो. दया जिंकते, पण खरे काय ते कायमचे हुकते. लुईस यांनी शास्त्र्याच्या मनातील हे द्वंद्व उत्तम रंगविले आहे. मात्र ज्यांना औषध मिळाले नाही त्या बेटवासीयांना या कादंबरीत तोंड नाही. दोन्ही कृतींत बोलतो तो प्रयोग करणारा, किंवा फार तर त्याच्याच जातीचा व भाषेचा शिपाई.

आता आपल्या घरी पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी लस टोचून घेण्यास होकार दिला. तितक्याच, किंबहुना थोड्या अधिक, कैद्यांनी दिला नाही. टोचतेवेळीच ज्यांच्या अंगात रोग होता ते सोडले, तर पुढे टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडून बरे झाले. न टोचलेल्यांपैकी बारा आजारी पडले व सहा दगावले. हिंदुस्थानात पुढे लाखो लोकांनी जी लस घेतली, तिचा पहिला मोठा पुरावा हा तुरुंगात मिळालेला पुरावा आहे. सातारा, कराड, मिरज, सांगली या आमच्या भागातही पुढे वर्षानुवर्षे गावे ओस पडून माळावर झोपड्या उठत. तेथे जी लस पोचली तिची कसोटी त्या कैद्यांच्या दंडावर लागली होती.

त्या कैद्यांतील एकाचेही नाव आमच्या साहित्यात नाही. १८९७ च्या जानेवारीतील सुई आम्ही विसरलो. त्याच वर्षीच्या २२ जूनची गणेशखिंडीतील गोळी मात्र विसरलो नाही. तिच्यावर पुस्तके झाली, चित्रपट झाला. ते गैर झाले असे नव्हे. रँडसाहेबाच्या घरझडत्यांनी दुखावलेला समाज त्या गोळीकडे आपला प्रतिकार म्हणून पाहत होता. सरकारने देहावर हात टाकला त्याचे ते उत्तर होते. परंतु प्रश्न तोच, देह कोणाचा, हा भायखळ्याच्या तुरुंगातही उभा होता, आणि तेथे त्याचे उत्तर गोळीइतके सरळ नव्हते. बेड्या घातलेल्या मनुष्याच्या ‘हो’ला किती किंमत द्यावी? दुसऱ्या बाजूने, बराकीत साथ शिरलेली असताना त्याला लस नाकारणे हा न्याय झाला असता काय? ज्यांनी नकार दिला त्यांच्या नकाराचा मान राखला गेला, आणि त्यातील सहा जण मेले. येथे खलपुरुष नाही. शोकांतिकेला तो लागतोच असे नाही.

कोणी म्हणेल, देहदानाचा विषय आमच्या परंपरेला परका नाही. दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने मांस दिले. श्रीहर्षाचा जीमूतवाहन एका नागासाठी गरुडापुढे जाऊन बसला. ही उदाहरणे थोर आहेत, पण प्रस्तुत विषयाला ती लागू पडत नाहीत. दधीचीला आपल्या अस्थींचे वज्र होणार हे ठाऊक होते. प्रयोगास उभा राहणाऱ्याला हेच ठाऊक नसते: ठाऊक असते तर प्रयोगच नको होता. शिवाय दधीची कोणाचा बंदी नव्हता, शिबी कोणाचा ऋणको नव्हता. आम्हांला दात्याची कथा सांगता येते, कारण दाता वरच्या पायरीवर असतो. खालच्या पायरीवरच्या मनुष्याने देह पुढे केला म्हणजे ते दान, की सौदा, की सक्ती, हे ठरविण्यास पौराणिक साचा अपुरा पडतो.

मग मराठी रंगभूमीजवळ हा साचा नव्हताच काय? होता, आणि तो सांगलीकराच्याच हातचा होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्यानंतर साडेपाच दशकांनी, १८९९ साली, सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘शारदा’ लिहिले. भायखळ्याच्या प्रयोगानंतर अवघी दोन वर्षे. ‘शारदे’चा विषय जरठ-बाला विवाह असे आपण म्हणतो, पण त्याच्या मुळाशी संमतीचाच प्रश्न आहे. बाप पैसे घेतो, वर पैसे देतो, आणि जिच्या देहाचा व्यवहार चालला आहे तिला कोणी विचारीत नाही. देवलांची दृष्टी किती तीक्ष्ण होती पाहा: लग्न मोडते ते शारदेच्या नकाराने नव्हे, वधूवरांचे गोत्र एक निघाल्याने. तिची सुटका करण्यास एक तांत्रिक कारण लागते. पुष्कळ टीकाकारांनी यास रचनेतील दोष मानले आहे. आम्हांस ते नाटकातील सर्वांत कटू सत्य वाटते. ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याला कागदाचा आधार घ्यावा लागतो. ज्या परंपरेने हे पाहिले तिला भायखळ्याचा तुरुंगही पाहता आला असता.

तो आज तरी का पाहावा, असा प्रश्न निघेल. उत्तर असे की, विषय जुना झालेला नाही. २००६ साली लंडनमध्ये आठ निरोगी तरुणांपैकी सहांना एक नवे औषध टोचले गेले, दोघांना निष्क्रिय द्रव. प्रत्येकास दोन हजार पौंड ठरले होते. काही तासांत ते सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्व वाचले. २०२१ साली तेथेच छत्तीस तरुण स्वयंसेवकांच्या नाकात कोरोनाचा विषाणू हेतुपुरस्सर सोडण्यात आला. कोणालाही गंभीर आजार झाला नाही. आपल्याकडे २०२० च्या ऑगस्टात पुण्यास कोव्हिशील्ड लशीची चाचणी सुरू झाली आणि निरोगी माणसे दंड पुढे करून बसली. पुढल्या वर्षी साताऱ्या-सांगलीत लशीसाठी रांगा लागल्या तेव्हा त्या माणसांची आठवण किती जणांस झाली असेल?

येथे एका शब्दाचाही विचार केला पाहिजे. अशा माणसास आपण ‘स्वयंसेवक’ म्हणतो. आमच्या जिल्ह्यांत हा शब्द साधा नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत वेगळा नव्हता. त्याचा मोठा भाग साताऱ्यातच मोडत होता, आणि त्या जुन्या साताऱ्यात १९४३ ते १९४६ या काळी प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या हाकेला जे गेले ते घरावर तुळशीपत्र ठेवून गेले. ‘स्वयंसेवक’ या शब्दात तो सारा अर्थ साठलेला आहे. तोच शब्द, औषधाची परीक्षा होऊ देण्यासाठी काही दिवस दवाखान्यात राहून मोबदला घेणाऱ्या बेकार तरुणास लावला, म्हणजे त्याच्या गरजेवर सेवेचा शेला पांघरला जातो. उलट त्यास ‘भाडोत्री’ म्हणणे हाही अन्यायच. कारण त्याच्या देहावर सिद्ध झालेले औषध उद्या आपण घेणार आहोत. मोबदला थोडा दिला तर ती पिळवणूक. फार दिला तर ती लालूच. मराठीला या मनुष्यासाठी अजून नेमका शब्द सापडलेला नाही, आणि शब्द सापडत नाही तोवर विचारही धूसरच राहतो. शब्द शोधणे हे वैद्याचे काम नव्हे. ते साहित्यिकाचे आहे.

आमच्या कायद्याने ही गोष्ट एका परीने ओळखली आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते, लेखी संमती लागते, इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते. त्या समितीत केवळ डॉक्टर बसून चालत नाही. कायदा जाणणारा, समाजशास्त्र वा तत्त्वज्ञान जाणणारा, निदान एक स्त्री, आणि एक अगदी सामान्य मनुष्यही हवा. हा सामान्य मनुष्य तेथे कशासाठी? संमतिपत्र वाचून ‘हे मला समजले नाही’ असे म्हणण्यासाठी. नाटकाचा प्रेक्षक तरी दुसरे काय करतो? रंगमंचावर दोन माणसे बोलत असतात, एक विचारतो, दुसरा होकार देतो. आणि अंधारात बसलेल्या आपणांस कळते की, तो होकार पुरा नाही. कागदावर सहीखाली जे दिसत नाही, ते दाखविण्याचे सामर्थ्य या कलेत आहे.

म्हणून आमची अपेक्षा अशी: ‘यलो जॅक’चे भाषांतर कोणी करू नये. त्याने आणखी काही उदात्त शिपाई मराठी बोलू लागतील, एवढेच होईल. हवे आहे ते भायखळ्याचे नाटक. त्यात हाफकिन असावेत, पण मध्यभागी नसावेत. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लशीनंतर एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली तेव्हा दोष त्यांच्या माथी आला, आणि निर्दोष ठरण्यास त्यांना पाच वर्षे लागली. त्यांची शोकांतिका निराळी आहे, ती निराळ्या नाटकात लिहावी. या नाटकाच्या मध्यभागी एकाच बराकीतील दोन कैदी असावेत: एकाने दंड पुढे केलेला, दुसऱ्याने हात आखडून घेतलेला. पहिल्याला धीर होता म्हणून तो वाचला, आणि दुसरा अडाणी म्हणून मेला, असा सोपा बोध नाटककाराने काढू नये. दोघांनीही न जाणताच निर्णय घेतला होता. जे कळले ते त्या दोघांमुळे, आणि कळले ते आपणांस. टोचलेला आणि न टोचलेला असे दोघेही असल्यावाचून पुरावा उभा राहत नाही. तेव्हा आपले ऋण नकार देणाऱ्याचेही आहे. हे ऋण मान्य करणारे नाटक ज्या दिवशी मराठीत होईल, त्या दिवशी देवलांच्या परंपरेने पुढले पाऊल टाकले असे आम्ही म्हणू.