नाव न सांगणारी सूचना

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचना हाही लेखनाचा एक प्रकार आहे. मात्र त्यांचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. येथे विंडोजमधील एकच सूचना घेऊ. डेटाबेस सर्व्हरची नवी आवृत्ती बसवताना काम मध्येच अडते आणि 'ही फाइल दुसरी प्रक्रिया वापरीत असल्याने उघडता येत नाही', अशा अर्थाचे वाक्य येते. त्रुटी क्रमांक ३२.

वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. दुसरी म्हणजे कोणती? पुष्कळदा ती त्याच सर्व्हरची जुनी आवृत्ती असते. ती सर्व्हिस म्हणून संगणकाबरोबरच सुरू होते. तिला स्वतःची खिडकी नसते, म्हणून पडद्यावरचे सगळे बंद केले तरी ती चालूच राहते. कधी अँटिव्हायरस नेमकी तीच फाइल तपासत बसलेला असतो. हे विंडोजला शोधता येत नाही असे नाही. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये 'रीस्टार्ट मॅनेजर' होता. फाइल कोणाकडे अडकली आहे, हे इन्स्टॉलरने त्याला विचारले की उत्तर मिळते. वाक्य मात्र जुनेच राहिले.

या मौनाची किंमत वापरणारा मोजतो. वैतागून 'दुर्लक्ष करा' हे बटण दाबले, तर काही फाइली नव्या आणि काही जुन्या असा खिचडी सर्व्हर तयार होतो. प्रक्रिया टास्क मॅनेजरमधून बळेच संपवली, तर अर्धवट राहिलेले व्यवहार पुढच्या वेळी निस्तरावे लागतात. खरा उपाय साधा आहे: सर्व्हिसेसच्या यादीतून ती सर्व्हिस रीतसर थांबवावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. संगणक पुन्हा सुरू करण्याचा सल्लाही अगदीच अडाणी नव्हे. अडलेल्या फाइलींची अदलाबदल इन्स्टॉलर नोंदवून ठेवू शकतो, आणि विंडोज ती सर्व्हिस सुरू होण्याआधीच उरकते.

युनिक्सची तऱ्हा वेगळी. तेथे फाइलचे नाव आणि तिचा मजकूर या दोन गोष्टी आहेत. नाव पुसले तरी वापरणाऱ्याच्या हाती जुना मजकूर राहतो, आणि त्याच नावाने नवी फाइल ठेवता येते. सूचना येतच नाही. हे सुटसुटीत वाटते खरे. पण सुरक्षेची दुरुस्ती बसवल्यावरही, सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत, सदोष जुनाच प्रोग्रॅम बिनबोभाट चालत राहतो. त्यापेक्षा विंडोजचा अडाणी नकार मला बरा वाटतो. फक्त त्याने अडवणाऱ्याचे नाव तेवढे सांगावे.