देवी, आई, बाई : एका शब्दाचे घरदार

पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये सोलापूरला भरले. तेव्हापासून आपल्या लेखनाच्या भाषेविषयी आपण पुष्कळ बोललो. नमाज, निकाह, ईदगाह या शब्दांना मराठीत हक्काची जागा मिळावी, ही मागणी रास्तच होती. मात्र त्या प्रश्नाची दुसरी बाजू आपण टाळत आलो. मराठीत आधीपासून नांदत असलेल्या 'देवी'चे आपल्या कथा-कवितेत काय करायचे?

आधी या शब्दाचे घरदार पाहू. 'देवी', 'देवता', 'भगवती' हे पोथीतले शब्द. यातला 'देवता' तर पुरुषदेवासाठी वापरला तरी व्याकरणात स्त्रीलिंगीच राहतो. पण कागल तालुक्यातल्या मुरगूडसारख्या गावात रोजच्या तोंडी पोथी नसते. तिथे 'अंबाबाई' असते. अंबा म्हणजे आई आणि वर मानाचे 'बाई'. कोल्हापूरची त्र्यंबोली लोकांच्या तोंडी टेंबलाई झाली, अप्सरांच्या साती आसरा झाल्या, यक्षी जाखाई झाली. म्हणजे देवीचे बोलीतले प्रतिशब्द हे मुळात नात्याचे शब्द आहेत : आई, बाई, माय, अक्का. जिवंत बाईला जी हाक, तीच मूर्तीला. आपल्या घरातल्या दख्खनीतही बाईच्या नावामागे 'बी' लावून तोच मान दिला जातो.

पोथी आणि बोली यांतले हे अंतर हिंदू समाजालाही चुकलेले नाही. 2017 मध्ये कोल्हापूरच्या मंदिरात मूर्तीला घागरा-चोळी नेसवल्यावरून आंदोलन पेटले, तेव्हा 'अंबाबाई' म्हणायचे की 'महालक्ष्मी', हा वादही ऐरणीवर आला. साध्या शब्दामागे कोणाचा हक्क उभा आहे, हे त्या वादाने दाखवून दिले.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्या अंगावर गोंदला गेला आहे. मराठीत 'देवी' म्हणजे रोगसुद्धा. देवी आल्या, देवी काढल्या, देवीचे व्रण. आपल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावरच्या गोल खुणेला तेही 'देवी'च म्हणत आले आणि त्यांच्या ईमानाला त्यामुळे कधी धक्का लागला नाही. बांगलादेशात 1975 मध्ये देवीच्या उग्र प्रकाराची शेवटची नैसर्गिक रुग्ण सापडली, ती रहीमा बानू नावाची लहान मुलगी. 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. रोग गेला, शब्द राहिला.

उलट फारसीत 'देव' म्हणजे दैत्य. आपल्या आजी-नानीच्या किश्शांत परीला पळवून नेणारा तो हाच देव. सकाळी मराठी शाळेत 'देव' म्हणजे ईश्वर आणि रात्री गोधडीत 'देव' म्हणजे राक्षस, हे दोन्ही अर्थ एकाच मुलाच्या कानावर पडले. असा द्विभाषिक कान ही आपल्या लेखकाची केवढी मोठी पुंजी! ती आपल्या कथांत फारशी खर्चलेली दिसत नाही.

त्याऐवजी दिसतात दोन खोटी वळणे. पहिले वळण सोवळ्याचे. पात्र मुरगूडच्या पेठेत वाढलेले, पण 'अंबाबाईच्या जत्रंत' म्हणायच्या ठिकाणी लेखक त्याच्या तोंडी 'गावच्या वार्षिक उत्सवात' असे घालतो. भीती तौहीदची असते. पण सूरह अन्-नज्ममध्ये लात, उज्जा, मनात ही नावे घेऊनच त्यांचे देवपण नाकारले आहे. नाव उच्चारणे म्हणजे इबादत नव्हे. तेव्हा अशा सावधपणाने श्रद्धा वाचत नाही, फक्त पात्र मरते.

दुसरे वळण याच्या नेमके उलट आणि अधिक घातक. आई, बहीण, बायको यांच्या कष्टांचे वर्णन करता करता लेखक एकदम 'ती देवीच होती' म्हणून मोकळा होतो. हा शब्द आपण नात्यातून घेतलेला नाही, छापील मराठी कवितेतून उसना आणला आहे. बाईला देवी म्हटले की तिची भूक, तिचा राग, तलाक आणि मेहेरचे तिचे प्रश्न एका हारात झाकले जातात. 'धरतीमाता' हे नाव शाहीर अमर शेखांनी आपल्या संग्रहाला दिले. तिथला 'माता' हा शब्द नात्याचा आहे. त्यात घाम आहे, देव्हारा नाही.

देवपणाची किंमत बाईला काय मोजावी लागते, हे पाहायला याच जिल्ह्याच्या लेखकाकडे जावे. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या यल्लम्माला सोडलेल्यांचे जगणे मांडतात. केसांत जट आली की ती देवीची हाक समजायची आणि पोर देवाला वाहायची, ही ती प्रथा. महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला 2005 उजाडले. 'आई' म्हणून जिला हाक मारायची तिच्याच नावाने लेक घराबाहेर काढली जाते, हा विरोधाभास गवसांना दिसला, कारण त्यांनी बोलीतले शब्द जसेच्या तसे ऐकले.

म्हणून आपल्या समीक्षेने एवढा निकष तरी लावावा. अंबाबाई, टेंबलाई, मरीआई ही गावाची नावे आहेत, पात्राच्या तोंडी ती मोकळेपणी येऊ द्या. 'देवी' ही उपमा मात्र घरातल्या बाईच्या डोक्यावर ठेवू नका. तिला तिच्या नावाने हाक मारा, आणि ती काय म्हणते ते लिहा.